दोन खिळे

आधी भिंत ऐकावी लागते.
बाल्दोमेरो बोटांच्या पेरांनी ठोकत जातो
खिडकीपासून दारापर्यंत, कान लावून,
गोदीत असताना बोटींच्या फळ्या ठोकायचा तसा.
पोकळ, पोकळ, पोकळ, आणि मग एकदम भरीव.
"इथे लाकूड आहे," म्हणतो, खडूनं फुली मारतो.
वालपाराइसोच्या आमच्या टेकडीवर घरं अशीच :
बाहेरून पन्हळी पत्रा, आत माती आणि पेंढा,
मध्ये कुठेतरी एखादं हाड.
खिळा चुकीच्या जागी गेला
की पणजोबांच्या काळातला भुगा पायावर सांडतो.

जमिनीवर मी जुनी वर्तमानपत्रं पसरलीत.
प्रत्येक चौकटीच्या मापाचा कागद कापायचा,
त्यावर पेन्सिलीनं नाव लिहायचं,
आणि खरी तसबीर टांगण्याआधी
नुसतं नाव चिकटवून बघायचं.
तीन दिवस आमच्या भिंतीवर नावंच नावं.
मिरेया, पहिला दात पडलेली : निधनवार्तांवर.
माझी आई : फुटबॉलच्या निकालांवर.
सकाळी कॉफी पितापिता त्यांना इकडून तिकडे हलवायचं.
आईला सासूशेजारी ठेवलं तर चालेल?
हयातीत चाललं नसतं.
मध्ये समुद्राचा फोटो घातला. तेवढं अंतर पुरे.

एक कागद मी कापलाच नव्हता.
ती चौकट पलंगाखाली होती, टॉवेलात गुंडाळलेली,
एकोणीस वर्षं.
एवारिस्तो, ट्रॉलीबसच्या पायरीवर, टोपी मागे सारलेली,
कुणी हाक मारली म्हणून वळावं तसा वळलेला.
जड चौकट. त्याच्या आईनं निवडलेली, सोनेरी वेलबुट्टीची,
आमच्या कुठल्याच चौकटीशी न जुळणारी.
मला वाटायचं, बाल्दोमेरोला ठाऊक नाही.
घरात झाडू तर तोच मारतो.

चौथ्या दिवशी बाजारातून आले
तर भिंतीवर एक कागद जास्त,
त्याच्या अक्षरात. "ए." एवढंच.
मी म्हटलं, ते सोनेरी धूड तिथे विचित्र दिसेल.
म्हणाला, दिसू दे.
मी म्हटलं, लोक विचारतील.
म्हणाला, आपल्याकडे येतं कोण?
मग ओठांत खिळे धरून
आणखी काहीतरी बोलला, मला ते नीट कळलं नाही,
आणि मी पुन्हा विचारलंही नाही.

इथे एका तसबिरीला एक खिळा पुरत नाही.
जमीन अधूनमधून कूस बदलते,
आणि एका खिळ्यावरची माणसं लगेच मान वाकडी करतात.
म्हणून दोन खिळे, वीतभर अंतरावर.
पाणसळीतला बुडबुडा मधोमध थांबेपर्यंत
तो हातोडी उचलत नाही.
सगळ्यांना डब्यातले साधे लोखंडी खिळे.
एवारिस्तोला तांब्याचे, बोटीचे,
निवृत्तीच्या दिवशी गोदीतून खिशात घालून आणलेले.
"जड आहे तो," म्हणाला. "गंजून कसं चालेल?"

काल रात्री हललं.
आधी खालच्या गल्लीतली कुत्री, मग कपाटातले पेले,
मग आम्ही दोघं दाराच्या चौकटीत, अनवाणी,
एकमेकांचे कोपर धरून मोजत :
अकरा, बारा, तेरा. थांबलं.
दिवा लावला. आई जागेवर, सासू जागेवर,
मध्ये समुद्र सपाट.
एवारिस्तो केसभरही सरकलेला नाही,
अजून वळूनच बघतोय.

फक्त आमच्या लग्नाची तसबीर तिरकी,
आम्ही दोघं केकसकट उतारावरून घसरत चाललेले.
तिला एकच खिळा आहे. डबा तिथेच संपला होता.
उद्या आणतो म्हणाला होता,
त्याला आता महिना झाला.

मी खुर्चीवर चढून बोटानं ती सरळ करू लागले.
तो खालून बघत होता, अंगावर घोंगडी.
"डावीकडे जरा," म्हणाला.
मग, "नाही, फार झालं."