उणे वीस

पहिल्या दिवशी क्लेओफास सरांनी हातमोजे दिले
आणि हजेरीवहीत 'सुलक्षा गावस' असं पेन्सिलनं लिहिलं.
शाई का नाही, मी विचारलं नाही.
सहा महिन्यांचं तर काम.

रायबंदरचं हे गोदाम. एका भिंतीला खापरं,
दुसरीला पक्षी, मधे आम्ही दोघं
आणि रात्रंदिवस हवेतलं पाणी पिणारं एक यंत्र.
संध्याकाळी त्याची बादली मी माडाच्या आळ्यात ओतते.
घुबडांना नको असलेलं पाणी
माडाला चालतं.

शिकले ते असं:
क्रमांक अशा जागी लिहायचा की बघणाऱ्याला दिसू नये.
आधी पातळ थर, मग शाई, वर पुन्हा थर,
म्हणजे उद्या कुणाला वाटलं तर पुसता येतो.
मूर्तीला हाताला धरून उचलायचं नाही,
तो बहुधा आधी एकदा तुटलेला असतो.
जुन्या पक्ष्यांच्या कातड्यात सोमल आहे,
नखं खायची सवय दाराबाहेर ठेवायची.

खापरं मला सोपी गेली.
आमच्या सत्तरीत नांगराला लागतात तेव्हा
आम्ही ती बांधावर भिरकावतो.
इथं प्रत्येकीला वेगळी पिशवी, पिशवीला भोकं,
भोकांतून श्वास.
घरी फोनवर हे सांगितलं तर बाबा बराच वेळ गप्प.
मग म्हणाले, पगार देतात ना?

जनावरांचं मात्र तसं नाही.
ऑगस्टात पाणमांजराच्या शेपटीखाली भुसा दिसला,
रव्यासारखा, तपकिरी.
सरांनी भिंग लावलं. म्हणाले,
"कोणीतरी जेवतंय."

फ्रीझर त्यांच्या मेव्हण्याचा, मासळीच्या धंद्यातला.
झाकणावर अजून निळ्या अक्षरांत 'इसवण',
कितीही धुतला तरी तळाशी बांगड्यांचा वास.
दोन पिशव्यांत गुंडाळून, हवा काढून
आम्ही त्याला आत आडवं केलं.
पायाला पोर्तुगीज चिठ्ठी, 'लोन्त्रा', गावाचं नाव नाही.
साठाहून जास्त वर्षं पोटात पेंढा भरून उभं असलेलं जनावर
शेवटी मासळीच्या पेटीत.
सर हसले नाहीत. मीही नाही,
निदान त्यांच्यासमोर.

उणे वीस. चौदा दिवस.
दिवसातून दोनदा काटा बघून मांडायचा.
नवव्या दिवशी वीज गेली.
गोधडी, थर्माकोल, सरांचा रेनकोट, सगळं झाकणावर रचलं
आणि आजाऱ्याच्या उशाशी बसावं तसे बसलो.
अंधारात ते म्हणाले,
"शाळेच्या सहलीत मी याची एक मिशी उपटली होती.
डाव्या बाजूची. कंपासपेटीत ठेवली, मग हरवली."

स्थितीपत्रक मी पाहिलेलं होतं.
'मिशी: डावीकडे एक नाही. कारण: अज्ञात.'
तीस वर्षांपूर्वीचं, त्यांच्याच तिरक्या अक्षरात.
वीज आल्यावर कपाट उघडलं, पत्रक काढलं,
पेन्सिल टेकवली.
उचलली.

पंधराव्या दिवशी बाहेर काढलं, पण उघडायचं नाही.
दव पिशवीला बाहेरून धरतं, ते आपोआप जाऊ द्यायचं,
पुरा एक दिवस.
रविवार होता. फेरीबोटीनं चोडणला गेले.
मानशीपाशी बांधावर ओली विष्ठा,
तिच्यात खवले, कुर्लीच्या नांगीचा तुकडा,
आणि चिखलात पाच बोटांचे ठसे, मधे पडद्याची पुसट रेघ.
स्थळ, तारीख, वेळ. सवयीनं मनात मांडलं.
खिशात झिपची पिशवी होती.
खिशातच राहिली.
पाणी चढत होतं, पहिला ठसा भरला,
दुसरा अर्धा. मग बोटीचा भोंगा.

सोमवारी दव उडून गेलेलं.
सरांनी कात्री माझ्या हातात दिली.
"सवकास, बाय."