कीस

पाषाणच्या तळघरात
रात्री साडेदहानंतर मशीन आमच्या वाट्याला येतं.
सतरा नंबर झोपलाय. नाकाशी भुलीचा गोडसर वास,
पोटाखाली कोमट पाण्याची नळी.
बावीस दिवसांपूर्वी त्याच्या मेंदूतली एक वाट
आम्हीच बुजवली,
आणि आठवड्याने त्याच बाजूला आम्हीच सोडल्या पेशी,
कोऱ्या, काय व्हायचं ते अजून न ठरलेल्या,
प्रत्येकीच्या पोटात लोखंडाचा कीस,
इतका बारीक की काट्याला पत्ता लागू नये.
आत कुठे फिरतात ते बाहेर कळावं म्हणून.
सुनेच्या पायात पैंजण घालतात ना, तसं,
वृषाली तरटे म्हणाली,
मग स्वतःच म्हणाली,
नको, हे पोस्टरवर नको.

मशीन ठोकायला लागतं.
ठक ठक ठक, थोडा दम, मग घर्रर्र.
पडद्यावर सोललेल्या बदामाएवढा मेंदू उगवतो,
करडा,
आणि उजवीकडे काळा ठिपका.
लोखंड इथे चमकत नाही.
भोवतीचा उजेड खाऊन टाकतं,
त्या खळग्याकडे बोट दाखवून आपण म्हणायचं,
इथे आहेत.

आहेत का?

जगल्या तर एकीच्या दोन होतात, दोनाच्या चार,
आणि तेवढाच कीस सगळ्यांत वाटला जातो,
पाहुणे वाढले की आमटीत पाणी वाढावं तसा
ठिपका पातळ होत होत पुसतो.
मेल्या तर झाडलोट करणाऱ्या पेशी येतात,
त्यांना गिळतात, किसासकट,
आणि ठिपका जिथल्या तिथे, ठसठशीत.
म्हणजे दिसतंय ते कदाचित मढं,
आणि दिसेनासं झालं ते कदाचित नांदतंय.
दर शुक्रवारी आम्ही याचा कीस पाडतो.
चहावर साय धरते.

आप्पा भोसरीत टर्नर होते. बत्तीस वर्षं लेथ.
घरी आले की उंबऱ्याबाहेरच शर्ट काढायचे,
आई त्याच्या बाह्यांवरून चुंबक फिरवायची,
जुन्या स्पीकरमधून काढलेलं, जाड, काळं.
त्याला काटेरी दाढी फुटायची.
धाकटा तेव्हा रांगत होता, तळहातात जाईल म्हणून.

पडले त्या दिवशी त्यांची डावी बाजू गेली.
चिंचवडच्या दवाखान्यात एक फॉर्म होता,
मी आता रोज दुसऱ्यांकडून भरून घेते तोच.
डोळ्यात कधी लोखंड गेलं होतं का?
आप्पा अर्ध्या तोंडाने हसले.
रोजच, म्हणाले.
एक्स-रे काढला. उजव्या डोळ्याच्या कोपऱ्यात
कणीएवढा पांढरा तुकडा,
कुठल्या पाळीतला, कुठल्या जॉबचा, त्यांनाही आठवेना.
यांना आत घेता येणार नाही,
माझ्याच वयाची एक मुलगी म्हणाली. बरोबरच म्हणाली.
चुंबकाने तो ओढला असता.
मग सीटीवर भागवलं.

सतरा नंबरचा ठिपका गेल्या खेपेपेक्षा फिका आहे.
मी तीनदा मोजला.
गायखे, पिंजरे धुतात ते, सकाळी सांगत होते,
ताई, तुमचा सतरावा डाव्या पंजाने जाळी धरतोय बरं का.
त्यांच्या सांगण्याला आमच्या तक्त्यात रकाना नाही.
आठ दिवसांनी मेंदूचे काप घेऊ,
वर रंगाचा थेंब, लोखंड असेल तिथे निळं उठेल,
आणि त्या निळ्याभोवती कोण होतं
ते कळेल.
तेव्हा सतरा नंबर नसेल.
वहीत लिहिलं, ठिपका फिका.
कारणाची जागा कोरी सोडली.

त्याला उबेच्या पेटीत ठेवला. मिशी हलली. आधी डावीकडची.
बाहेर लॉकरमधून किल्ल्या घेतल्या, घड्याळ,
केसांच्या पिना.
अंबाडा घालताना पिना दातांत धरल्या,
आणि जिभेवर ती चव आली,
आप्पांच्या शर्टाची,
लहानपणी मी एकदा चाखून पाहिली होती.