छप्पन किलो

जिनिंगच्या काट्यावर बाबांचा हिशेब कधी चुकला नव्हता.
शंभर किलो कापूस आत गेला
की चौतीस रुई, चौसष्ट सरकी,
दोन किलो कचरा अन् माती.
सगळं वाकून उचलता येईल असं,
झाडून, पोत्यात भरून
पुन्हा काट्यावर मांडता येईल असं.

मग जिनिंग बंद पडलं
आणि बाबा वणीच्या पल्याड चुनाभट्टीवर लागले.
तोच पेन, तोच चष्मा, रजिस्टर नवं.
पहिल्याच महिन्यात त्यांची झोप उडाली.
आत गेलेला दगड: शंभर.
बाहेर आलेली कळी: सत्तावन्न, अठ्ठावन्न,
एका आठवड्यात तर पंचावन्न.

"कोनी तरी नेते," ते ताटावर म्हणाले.
"रातपाळीच्या बायाच नेतेत."
दुसऱ्या दिवशी गेटवर
रेवता टेकामचा डबा उघडून पाहिला.
भाकर होती. अंबाडीची भाजी होती.
डबा धरलेल्या बोटांना पेरापेरांवर भेगा.
कळीला घाम लागला की ती तिथंच विरते,
कातडी सोबत घेऊन;
हे मला तेव्हा कुठं ठाऊक होतं.
तिची सुनंदा माझ्या बाकावर बसायची.
त्या दिवशी ती मागे जाऊन बसली.

खिरटकर बाईंचा तास.
फळ्याचा उजवा कोपरा फुटलेला,
म्हणून सूत्र अगदी डाव्या काठाला चिकटून.
सीए, सीओ, थ्री.
"हा तीन छोटा लिहा रे, पायाशी.
दिसतो छोटा, पण सगळ्यात जड भार त्याचाच."
कॅल्शिअम चाळीस. कार्बन बारा.
ऑक्सिजन सोळा, तीनदा: अठ्ठेचाळीस.
बेरीज शंभर.
"शेकडा प्रमाण काढायला भागायचंही काम नाही," बाई म्हणाल्या,
"हे संयुग देवानं परीक्षेसाठीच ठेवलं."
पोट्टे हसले. मीही.

"अन् भट्टीत टाकल्यावर, बाई?"
सुनंदानं हात वर केलाच नव्हता.

बाईंनी सूत्राच्या मधून खडूची एक रेघ ओढली.
अलीकडे कॅल्शिअम आणि एक ऑक्सिजन: छप्पन.
पलीकडे कार्बन आणि दोन ऑक्सिजन: चव्वेचाळीस.
"अलीकडचं पोत्यात येते."
"अन् पलीकडचं?"
बाई खिडकीकडे पाहत राहिल्या.
तिथून भट्टीचं तोंड दिसायचं,
त्याच्यावरची हवा पाण्यासारखी हलत होती,
मागचं बाभळीचं झाड वाकडं करत.

संध्याकाळी मी वही बाबांच्या रजिस्टरावर ठेवली.
त्यांनी चष्मा पुसला. बेरीज दोनदा केली,
एकदा बोटांवर.
"मंग अठ्ठावन्न काहून आलं? दोन जास्तीचे?"
"पोटात कच्चा राहिलेला दगड. मातीही असते."
"अन् पंचावन्न?"
"दगड ओला असेल. पाणी उडून गेलं."
ते बराच वेळ बोलले नाहीत.
मग इतकंच, "हवेलेबी वजन असते म्हन."

तीन रात्री ते भट्टीच्या माथ्यावर जाऊन उभे राहिले.
भुवया जळून आले.
चौथ्या दिवशी पट्टी घेऊन
'आत' आणि 'बाहेर' यांच्यामध्ये त्यांनी नवा रकाना आखला,
वर लिहिलं: हवा.

शेठनं रजिस्टर पाहिलं अन् हसले.
"हे तर मले आधीपासून माहीत हाये, बाबूजी.
पन बायांचे डबे पाहत जा.
धाक राहते."

बाबांनी पाहिले नाहीत.
पण रेवताबाई गेटवर आली
की त्यांना एकदम पेनातली शाई तपासायची असायची.

सुनंदा दिवाळीनंतर माझ्या बाकावर परत आली.
मधल्या सुट्टीत डबा उघडायची
तो झाकण दूर सारून,
बाकाच्या अगदी मधोमध,
कुणालाही वाकून बघता येईल असा.