चावीवाल्याची कण्हेर

नवले पुलाच्या अलीकडे, दुभाजकातून
एक फांदी मोडून पिशवीत घातली.
चोरीच म्हणायची.
पण तिथे ट्रक रात्रभर
तिच्या तोंडावर धूर सोडतात
आणि ती भर मे महिन्यात गुलाबी.
म्हटलं, हिला धायरी काय अवघड जाणार?

हिराबाईनं दारातच अडवलं :
"कण्हेर घरात नको. विषारी असते.
माझ्या मावशीची शेळी..."
ही शेळी मी चाळीस वर्षं ऐकतोय.
दर वेळी वेगळ्या रंगाची असते.

मी महापालिकेत चावीवाला होतो.
एकतीस वर्षं, पहाटे साडेचारला,
खांद्यावर लोखंडी चावी, पुरुषभर उंच.
रस्त्यातलं झाकण उचलायचं, वाकायचं, पिळायचं,
बावीस आटे,
आणि खाली अंधारात कुठेतरी
पाणी कूस बदलायचं.
त्या आवाजावरनं कळायचं,
आज कुठल्या गल्लीतले हंडे हसणार
आणि कुठल्या गल्लीत
माझ्या आईचा उद्धार होणार.

आता आम्हीच टँकरची वाट बघतो.
जिन्यात कागद डकवलाय :
झाडांना पाणी घालताना आढळल्यास दंड.
खाली सही, सचिव, तामनकर.
रात्री अकरानंतर तामनकरांच्याच गॅलरीतून
आमच्या वाळत घातलेल्या टॉवेलवर
थेंब पडतात. मी बोलत नाही.
पाण्याच्या माणसानं पाण्यावरून भांडू नये.

पहिली फांदी मी मारली.
पाणी घालून मारली.
तांदूळ धुतलेलं, मेथी धुतलेलं,
तांब्यात उरलेलं, पाहुण्यानं उष्टं टाकलेलं,
सगळं तिच्या बुडाशी.
कुठल्या तरी शेवटच्या घराचा नळ
तेव्हा कोरडा राहिला असेल,
त्याची भरपाई करत होतो बहुतेक.
पंधरा दिवसांत बूड काळं, वास कुजका.
हिराबाई काही बोलली नाही.
शेळीसुद्धा काढली नाही.

दुसरी आणली ती पेन्सिलीएवढी जाड.
डोळ्याखाली तिरका काप,
खालची पानं खुडली, चीक फडक्यानं टिपला,
फडकं टाकून दिलं, हात साबणानं दोनदा.
निळं पिंप अर्धं कापून बुडाला भोकं,
विटांचे तुकडे, मुरूम, वाळू,
माती म्हणाल तर नावाला.
पावसाळ्यात रुजली.
थंडीभर नुसती उभी,
पाहुण्यांच्या घरी आलेल्या पोरासारखी,
काही मागेना, काही सांगेना.

एप्रिलात साडूचं ऑपरेशन निघालं.
आम्ही बार्शीला. तीन आठवडे.
गच्चीची किल्ली कुणाला देणार?
तामनकरांना?
तिकडे रात्री पंख्याखाली पडल्या पडल्या
मी मनातल्या मनात तिला पाणी घालायचो,
आणि मनातल्या मनातच
ती कुजून जायची.

परत आलो ते पिशव्या खाली ठेवून थेट वर.
गच्ची तव्यासारखी.
पिंपातली माती कडेपासून सुटलेली,
भेगेत बोट जाईल एवढी.
आणि शेंड्याला, पान न् पान ताठ ठेवून,
सात फुलं.
मोजली. पुन्हा मोजली. सातच.
कळ्या तर किती होत्या, मोजल्या नाहीत,
नजर लागते.

लगेच मग उचलला,
मग ठेवला.
आधी बोट खुपसलं दुसऱ्या पेरापर्यंत. कोरडं.
तेव्हा एक मग, हळू, कडेकडेनं.
आणि कुणी बघत नाहीसं बघून
कान पिंपाला लावला.

"काय ऐकताय?"
हिराबाई जिन्याच्या तोंडाशी,
कमरेवर हात, धापा टाकत.
मी काही बोललो नाही.
ती जवळ आली. वास घ्यायला वाकली,
पदर मात्र सांभाळून, चीक लागू नये म्हणून.
बराच वेळ बघत राहिली.

मग म्हणाली,
"शेळी तशी म्हातारीच होती म्हणा."