अख्खी वळते

दांडिया बाजारात मागून कोणी हाक मारली
की मी अख्खी वळते.
खांदे, कंबर, पिशवी, पिशवीतली मेथी
सगळं घेऊन.
लोकांना वाटतं, केवढं हे अगत्य.

शाळेत ड्रिलच्या तासाला सुर्वे सर ओरडायचे,
मान उजवीकडे, मान डावीकडे,
आणि माझी जागच्या जागी.
"हेमांगी, लक्ष कुठंय?"
लक्ष तिथंच होतं, सर.

वेणी घालताना आई कुरकुरायची,
केस पार पाठीवर उतरलेत तुझे,
कंगवा कुठं थांबवू ते समजत नाही.
आखूड मान आत्यावर गेली, असं घरात ठरलेलं.
आत्या फक्त एका फोटोत, डोक्यावरून पदर,
त्यामुळे कुणाला पडताळता आलं नाही.

तेविसाव्या वर्षी बिलिमोऱ्याचे लोक आले.
चहाचा ट्रे ठेवताना मी कंबरेतून वाकले,
मान तशीच राहिली, समोर बघत.
त्यांच्या काकूंचा निरोप आला:
मुलगी चांगली आहे, पण ताठ मानेची.
बाबा आठ दिवस गप्प होते.
मग म्हणाले, थोडं नमतं घ्यावं माणसानं.
मी आरशासमोर उभी राहून
नमतं घ्यायचा प्रयत्न केला, खूप वेळ.
हनुवटी आणि छातीच्या मधे
तीन बोटांची जागा शिल्लकच.

एक्केचाळीसाव्या वर्षी न्यायमंदिरापाशी
स्कूटर घसरली, डाव्या हाताला मुंग्या आल्या,
म्हणून फोटो काढला.
डॉक्टर ध्रुवी मांकडांनी तो खिडकीला धरला.
हाडांमधून पलीकडचा कडुनिंब दिसत होता.
"दुसरा नि तिसरा जोडलेले. हे बघा, पाचवा, सहावाही.
आ तो जन्मथीच छे, बेन."
आवाजात थोडा आनंद होता,
पुस्तकात वाचलेलं पहिल्यांदा भेटल्याचा.
नाव सांगितलं. क्लिपेल-फाइल.
दोन माणसं, मधे एक आडवी रेघ.
म्हणजे नावाचेही मणके चिकटलेलेच.

कागदावर त्यांनी शेंग काढली, शेंगेत दाणे.
दीड महिन्याचा जीव असतो पोटात,
तेव्हा हे सुटे व्हायला लागतात.
तुमचे चार झाले नाहीत.
"कुणाची चूक?"
"कुणाचीच नाही."
मग बाकीचं: मूत्रपिंडांची सोनोग्राफी करा,
कान तपासून घ्या, मानेला झटका नको,
कुणाला मान मोडू देऊ नका, न्हाव्याला, मालिशवाल्याला,
स्कूटरला दोन्ही बाजूंना मोठे आरसे लावा.
मी सगळं लिहून घेतलं.
घरी न्यायचं होतं मला फक्त ते
"कुणाचीच नाही".

आईनं ऐकलं. गॅस बंद केला.
म्हणाली, त्या वर्षी ग्रहण होतं.
दिवसभर मी सुरीला हात लावला नाही,
भाजी चिरली नाही, धागासुद्धा तोडला नाही.
मग थोड्या वेळानं, कढईकडे बघत,
"तोडलं असतं काहीतरी, तर सुटले असते का गं?"
मी तिच्याकडे वळले. अख्खी.
शेंगेचं चित्र पुन्हा काढून दाखवलं,
गॅसच्या बिलाच्या मागे,
दाणे जरा जास्तच मोठे झाले.

उत्तरायणाला गच्चीवर मला वर बघता येत नाही.
म्हणून लहानपणापासून मी गोधडी टाकून उताणी पडते.
दुपारी चारपर्यंत सगळी गच्ची
मान चोळत, बाम मागत फिरते,
आणि आभाळ सबंध माझ्या अंगावर असतं,
रावपुऱ्यापासून सुरसागराच्या पलीकडं.
यंदा आई आली, गुडघे सांभाळत,
शेजारी आडवी झाली. काही बोलली नाही.

"आत्या, कुणाचा कापला?" कैवल्य विचारत होता,
फिरकी धरून, आभाळाकडे पाठ करून.
"जांभळा," मी म्हणाले.
"नाही गं," आई म्हणाली, "नीट बघ,
जांभळा अजून आहे."