दोन शेपट्या

सकाळी रिवणच्या झरीवरून खरवडलेलं लिव्हरवर्ट
डब्यात, ओल्या रुमालावर.
चाकूनं सोडवताना जरा चिराही सोबत आला,
तो तसाच राहू दिला.

संध्याकाळी बेतूलला रुझारनं बाटली भरून दिली
काळ्या फडक्यात गुंडाळून. म्हणाला,
बाय, हालवू नका, रागावतात ती.

शेवटच्या बसमध्ये मांडीवर दोघं.
असोळण्याच्या अलीकडे रस्ता खणलेला;
खड्ड्याखड्ड्याला फडक्याच्या विणीतून
निळं काहीतरी दचकायचं.
डबा गप्प.
कंडक्टरनं विचारलं, मोबाईल आहे का आत?
म्हटलं, जिवंत आहे.
त्यानं सुटे पैसे दिले नि पुढं गेला.

मडगावला, प्रयोगशाळेत, नोंदवहीत दोन रकाने पाडले.
एकाला मुळं नाहीत, मुळांसारखं काहीतरी आहे.
दुसऱ्याला जागाच नाही, नुसतं पाणी.
एक अंधारात ओलं राहतं, बस.
दुसरं धक्का लागल्याशिवाय दिसत नाही.
चिलखत मात्र
(इथं पेन थांबलं)
याचं चिलखत ज्याचं, त्याचीच त्याची भिंत:
सेल्युलोज.
आणि माझ्या नोंदवहीचा कागदही त्याचाच.

मग भिंगाखाली.
डायनोफ्लॅजेलेटला दोन कशाभिका,
एक कमरेला करगोट्यासारखी, एक मागे लोंबती,
गिरक्या घेत जातो, घाई नसल्यासारखा.
लिव्हरवर्टच्या नर छत्रीवर थेंब सोडला
तर थेंबात दुधाळ धूर,
आणि धुराच्या कणाकणाला
दोनच शेपट्या.
वीतभर अंतरासाठी
डोंगरातलं हे हिरवं अजून पोहतं.
पाणी नसेल तेव्हा नाही पोहत.

फोनवर रुझारला हे सगळं सांगितलं.
त्यानं ऐकून घेतलं. मग विचारलं,
लिव्हर म्हणालात ना तुम्ही?
डॉक्टरनं त्याला बांबोळीला धाडलंय,
माडाची सोड, काजूची सोड, दोन्ही सोड म्हणून.
हे वखद जाता?

पान यकृतासारखं दिसतं
म्हणून जुने लोक काढा करायचे, हे मला ठाऊक होतं.
उपयोग नव्हता, हेही.
नुसता आकार आहे रे, मी म्हटलं.
तो हसला. आमच्या होडीवर मासा रंगवलाय,
तसा.

पाचव्या रात्री बाटली हलवूनही काळीच राहिली.
डबा खिडकीत आहे. त्यात कटोऱ्या आल्यात,
तळाशी हिरवे कण, खसखशीहून बारीक.
नळाखालचा हात मी वरून झटकते.
एक कण उडतो
आणि नोंदवहीच्या समासात, रुझारच्या नंबरावर बसतो.
तीन दिवस तो लागत नाहीये.
कण अजून ओला आहे.