पाचवं नख

झगा पॅरिसचा, कापड चीनचं,
आणि तो घालायचा ती पुतळी
गणपती पेठेतल्या साडीच्या दुकानातली.
कपाळावरची टिकली खरवडली, डाग राहिला.
खांद्यात अरुंद. झगा सारखा घसरायचा.
म्हणून मगदूम मॅडमनी मिरजेहून मला बोलावलं:
"बारगीर, कात्री नको. टाचण्या आणा फक्त."

विश्रामबागेत पोचलो तर दालन अजून अर्धंच.
भिंतीवर फलक, पाश्चात्त्य पेहरावावर चीनची छाप.
खाली रंगाचा डबा, डब्यावर कुणाचा तरी गार चहा.
चपला मी दाराशी काढल्या.
काढा म्हणून कुणी सांगितलं नव्हतं.

चाळीस वर्षं चायनीज कॉलर शिवतोय.
दीड इंच पट्टी, पुढं गोल, आत कॅनव्हास.
लग्नसराईत नवरदेवाला तीच, त्याच्या बापालाही तीच.
चायनीज का म्हणायची,
ना गिऱ्हाइकानं विचारलं, ना मी.

झगा शंभर वर्षांचा, मॅडम म्हणाल्या.
आधी तो झगा नव्हताच,
तिकडच्या कुणा दरबाऱ्याचा अंगरखा होता,
उसवून, फिरवून, गोऱ्या बाईसाठी बेतलेला.
"नखं मोजा ड्रॅगनची. चार, म्हणजे दरबारी.
पाच असती तर बादशहा."

मी मोजली. चार.
पण बेतणाऱ्याची अडचण पण दिसली.
बायका आईच्या जरीच्या साडीचा फ्रॉक शिवायला आणतात,
मोर तेवढा मधोमध घ्या म्हणतात,
आणि कापड नेमकं मोराच्या मानेशी संपतं.

गुडघ्यावर बसलो, पुतळीच्या पाठीशी.
टाचणीला जागा बघायला
कुशीपाशी उसवलेलं अस्तर बोटभर उचललं,
तर शिलाईच्या आत, मायेत मुडपलेलं,
पाचवं.

उजेड न लागलेलं.
बाहेरची चार विटून मातकट,
हे पॉलिश करून नुकतं पोत्यात भरलेल्या
हळकुंडासारखं.
त्याच्या कडेनं निळ्या दोऱ्याचे बारीक टाके,
कुणीतरी सुटू नये म्हणून घातलेले.
बाहेरून दिसणार नाहीत हे ठाऊक असून
सगळे एका मापाचे.

"मॅडम, एक नख आत आहे."
त्या फोनवर होत्या,
फीत कापायला पाहुणे येतायत की नाही.
हातानंच विचारलं, झालं का?
झालं, म्हणालो.
अस्तर होतं तसं बसवलं,
अकरा टाचण्या, एकही कापडाला न दुखवता.

व्हाउचरवर सही, तीनशे रुपये,
तपशील: किरकोळ.

वडापनं परत आलो तर दुकानाशी एक पोरगं थांबलेलं.
साखरपुड्याचा कुर्ता.
कॉलर?
"चायनीज."
मी खडूनं रेघ ओढली,
मग पुसून बोटभर बाहेर ओढली.
"एवढी माया कशाला, चाचा?"
असू दे, म्हटलं,
आणि कात्री चालवली.